गुलाबमिस्तरींनी काढलेला पुर्जा

गाडीबद्दल खोटं बोलायचं नाही, असा गुलाबमिस्तरींचा नेम होता. माणसांबद्दल ते खुशाल खोटं बोलत. स्वतःबद्दल तर इतकं, की ऐकणाऱ्यानं निम्मं वजा करूनच विश्वास ठेवावा. त्यांचे आजोबा निजामाच्या तोफखान्यात होते. एका गोऱ्या साहेबाच्या मडमेनं त्यांना विलायतेला चल म्हणून गळ घातली होती. ऐन जवानीत त्यांनी वाशीमच्या आखाड्यात एका पंजाबी पैलवानाला उताणा पाडला होता. पितळी गुंड्यांचा खाकी कोट, कानात अत्तराचा फाया आणि बोटांना काळं तेल, अशा थाटात ते हे सगळं सांगत. पण कोणी "मिस्तरी, गाडीचे ब्रेक कसे आहेत?" असं विचारलं, की तोंडातलं पान एका गालात सरायचं आणि माणूस बदलायचा. असेल तेच सांगायचा.

पातूरच्या घाटापाशी एकदा असंच झालं. बापूसाहेब देशमुखांनी एका पाहुण्या हाकिमाला अकोल्याला पोचवायला गाडी दिली होती. घाट लागायच्या आधी हाकिमानं सहज विचारलं, "ब्रेक ठीक हैं ना?"

मिस्तरी म्हणाले, "सपाटीवर हैं, हुजूर. उतारावर नहीं."

हाकीम खाली उतरले आणि सगळा घाट पायी उतरून गेले. मिस्तरी पहिल्या गेअरात, गाडी गोगलगाईसारखी चालवत, त्यांच्या मागे. बापूसाहेबांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते भडकले. "ठीक आहेत म्हणाला असतास तर जीभ झडली असती काय?"

"माही नसती झडली, मालक," मिस्तरी म्हणाले. "हाकिमाची मान मोडली असती."

ही गाडी बापूसाहेबांनी अकोल्याच्या एका बॅरिस्टराकडून घेतली तेव्हाच तिची उमेद सरत आली होती. रुबाब मात्र शाबूत होता. सहा सिलिंडरांची, लांब नाकाची, चारी बाजूंनी काचा असलेली बंद गाडी. आत कातडी गाद्या, फुलं खोचायला चांदीचा मुलामा दिलेली एक नळी. आमचं गाव अकोला जिल्ह्यातलं, आणि मालेगावपासून मंगरुळपीरपर्यंत असली गाडी दुसऱ्या कोणाकडे नव्हती. तिला बापूसाहेब 'मोटार' म्हणत, गाव 'देशमुखाची गाडी' म्हणे, आणि मिस्तरी नुसतं 'बाई' म्हणत. "बाईले आज कफ झाला." म्हणजे पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला. "बाईचं पोट धरलं." म्हणजे क्लच.

तिच्या चाकांचे आरे लाकडाचे होते. चैत्र-वैशाखात ते वाळून आकसत आणि चालताना खाटेसारखे करकरत. मग मिस्तरी तिला नाल्याच्या डोहात, चाकं निम्मी बुडतील एवढ्या पाण्यात नेऊन उभी करत. शेजारी गावच्या म्हशी बसलेल्या. कोणी हसलं की म्हणत, "दोघीइची जात एकच हाये. उन्हाळ्यात पाण्यात बसल्या की खुश." लाकूड फुगलं की आरे पुन्हा घट्ट. ब्रेकचे पट्टे झिजले, तेव्हा त्यांनी कापसाच्या जिनिंगच्या इंजनाचा जुना कातडी पट्टा कापून बसवला. आधी ते जिनिंगातच इंजनावर होते. तिथल्या मॅनेजराशी भांडून आले होते. कशावरून भांडण झालं याची हकीकत दर वेळी वेगळी असे.

ते चुकत नसत असं नाही. एका उन्हाळ्यात गाडीच्या पाण्याच्या टाकीला, ते तिला रेडिएटर न म्हणता 'रेडिओटर' म्हणत, बारीक गळती लागली. गळतीवर त्यांचं औषध म्हणजे जवसाचं पीठ. मूठभर पीठ पाण्यात घातलं की ते फुगून चिकट होतं आणि भोकात जाऊन बसतं. औषध खरं आहे, मी स्वतः पाहिलं आहे. पण त्या वेळी त्यांनी मूठभराऐवजी ओंजळभर घातलं. गाडी वाशीमच्या बाजारात पोचली तेव्हा नाकातून वाफ, आणि सगळ्या बाजाराला जवसाच्या चटणीचा वास. टाकीत नुसती खळ झाली होती. ती धुऊन काढायला मिस्तरींना किती दिवस लागले, देव जाणे. तेवढ्या दिवसांत पारावर जो भेटेल त्याला ते स्वतःहून सांगत, "गाडीचा दोस नाही. जवस म्या जास्त टाकली." पत्त्यात हरले तर पत्तेच वाकडे आहेत म्हणणारा हा माणूस.

पण त्यांच्या नेमाची खरी गंमत वेगळीच होती. बापूसाहेब मोठे भिडस्त. कोणी गाडी मागितली की तोंडानं नाही म्हणता येत नसे. मग मिस्तरींकडे वळून म्हणायचे, "काय रे गुलाब, गाडी बिघडली आहे ना?" दुसरा ड्रायव्हर असता तर हो म्हणून मोकळा झाला असता. मिस्तरी आधी गोठ्याशेजारच्या शेडात जात. करंट वाटायची जी काळी टोपी असते तिच्याखाली बोटाएवढा एक तुकडा असतो. मिस्तरी त्याला गाडीची जीभ म्हणत. ती काढली की गाडी मुकी, कितीही हँडल मारा. ती काढून कोटाच्या खिशात टाकायची, परत यायचं आणि अदबीनं सांगायचं, "जी मालक. आता बिघडली."

एकदा बापूसाहेबांचे मेव्हणे पोहरादेवीच्या यात्रेला गाडी मागायला आले. त्यांनी हे 'आता' बरोबर ऐकलं. म्हणाले, "आत्ता बिघडली? म्हणजे मघापर्यंत ठीक होती?"

"हो ना," मिस्तरी म्हणाले. "मघा नंबर एक होती."

मेव्हणे त्यानंतर दोन दिवाळ्या आले नाहीत. बापूसाहेबांनी कपाळाला हात लावला, पण मिस्तरींना काढलं नाही. बाईला हाकणारा माणूस आसपास दुसरा नव्हता, हे एक. आणि दुसरं, मला वाटतं, घरात एक तरी खरं बोलणारा असावा असं त्यांनाही वाटत असावं. फक्त त्यानं पाहुण्यांसमोर बोलू नये.

आता माझा संबंध सांगतो. माझे वडील लक्ष्मण गावकामगार. आमचा महारवाडा गावकुसाबाहेर, नाल्याच्या अंगाला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेचा उंबरा ओलांडला नव्हता. मी अमरावतीला कॉलेजात गेलो आणि बी.ए. झालो. हे मी अभिमानानं सांगतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सुटीत घरी आलो की देशमुखांच्या शेडावरून जावं लागे, आणि मिस्तरी गाडीखालूनच हाक मारत, "काय गा बीए, ये, बैस." मग ज्या कपातून स्वतः चहा पीत तोच विसळून माझ्यापुढे करत. एवढं सोपं होतं ते, पण गावात दुसऱ्या कोणाला सुचलं नव्हतं.

एकदा त्यांनी विचारलं, "कॉलेजात मोटारीचं काही शिकवते का?"

मी म्हणालो, "नाही. मला तर्कशास्त्र आहे."

"थे काय असते?"

"कोणतं बोलणं खरं, कोणतं खोटं, कशावरून काय ठरतं, त्याचं शास्त्र."

पान्यानं नट आवळता आवळता त्यांनी विचार केला. "अन् त्याच्यासाठी अमरावतीले जा लागते?"

माझं लग्न ठरलं ते निकालानंतरच्या उन्हाळ्यात. मुलगी आसेगावकडची, कौसल्या. बापूसाहेबांनी मला बोलावून घेतलं, पाच माणसांत पाठ थोपटली आणि उमाळ्यानं म्हणाले, "गावचा पहिला बी.ए. आहेस. तुझी वरात माझ्या मोटारीतून येईल." बोलून गेले. पाच माणसं एकमेकांकडे पाहू लागली, कारण सगळ्यांना एकच गोष्ट माहीत होती. आमच्या वराती गावाच्या वेशीतून येत नसत. नाल्याच्या काठानं एक खालची वाट होती, तिनं याव्या लागत, तेही वाजंत्री बंद ठेवून. आणि त्या वाटेनं बैलगाडी कशीबशी जाई, एवढी रुंद मोटार जाणं शक्यच नव्हतं. मोटार म्हणजे वेस.

घरी आल्यावर वडील मला हात जोडून म्हणाले, "बाप्पा, मोटार राहू दे. आपल्याले याच गावात राह्याचं हाये." मी म्हणालो, दिली आहे तर त्याच मोटारीतून येईन, नाहीतर पायी, पण वेशीतूनच. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. आज साठीला टेकलो, तरी तेच म्हणेन.

लग्नाच्या दिवशी सकाळी मिस्तरी गाडी घेऊन आले. गुंड्या चिंचेनं घासलेल्या, नळीत झेंडूची फुलं. मी त्यांच्या शेजारी पुढे बसलो. गाव मागे पडल्यावर ते म्हणाले, "काल संध्याकाळी मालकानं बलावलं होतं."

"काय म्हणाले?"

"तुळशीराम पाटील येऊन गेले होते त्याइच्याकडे. मालकाचं तोंड उतरेल होतं. मले म्हणे, गुलाब, गाडीचा एखादा पुर्जा काढून ठेव."

मी त्यांच्याकडे वळून विचारलं, "मग?"

"मंग काढला. मालकाचं मीठ खातो, नाही कसं म्हणू?"

"पण गाडी तर चालते आहे."

"पुढं चालते," मिस्तरी म्हणाले, आणि त्यापुढे आसेगावपर्यंत त्यांनी पंजाबी पैलवानाची गोष्ट सांगितली.

मांडवात अक्षता पडल्या, जेवणं झाली. निघताना मिस्तरींनी गाडी वळवली ती मांडवासमोरच्या मोकळ्या वावरातून भलामोठा वळसा घेऊन. मला वाटलं, सासरच्या मंडळींसमोर ऐट दाखवत असतील. मागच्या गादीवर कौसल्या आणि तिची धाकटी बहीण करवली म्हणून. आमची बाकी माणसं बैलगाड्यांतून आधी निघाली होती, ती गावाजवळ आम्हांला मिळाली आणि मोटारीमागून चालू लागली.

आम्ही वेशीशी आलो तेव्हा दिवस मावळायला टेकला होता. तुळशीराम पाटील आणि दहा-पंधरा माणसं वेशीत आडवी उभी होती. मिस्तरींनी गाडी नेमकी वेशीच्या तोंडात आणून थांबवली. इंजिन चालूच ठेवलं, बंद केलं असतं तर पुन्हा लवकर पेटलं नसतं. ते उतरले, मीही उतरलो.

"गुलाब," पाटील शांतपणे म्हणाले, "गाडी मागं घे. यायले खालच्या वाटेनं पायी जाऊ दे."

"मागं जात नाही, पाटील."

"काहून?"

"मागं जायाचा पुर्जा काढेल हाये."

"कोणं काढला?"

"म्या. मालकानं सांगितलं, पुर्जा काढून ठेव."

दुसरा कोणी हे बोलला असता तर पाटलांनी त्याला कानाखाली दिली असती. पण मिस्तरी गाडीबद्दल खोटं बोलत नाहीत, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पाटलांनी एक माणूस बापूसाहेबांच्या घरी पिटाळला. तो धापा टाकत परत आला. "बापूसायेब म्हंते, हो, पुर्जा काढ म्हून म्याच सांगितलं होतं."

पाटील गोंधळले. आदल्या संध्याकाळी मान डोलावणारे बापूसाहेब असं उलटे फिरतील, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

"मंग ढकला मागं," मागून कोणीतरी म्हणालं.

मिस्तरी बाजूला झाले आणि गाडीकडे हात केला. "ढकला. गेअर काढेल हाये, ब्रेक सोडेल हाये. लावा हात."

कोणी हलेना. मला कळायला क्षणभर लागलं, मग कळलं. त्या गाडीत आमची माणसं बसली होती. तिला हात लावायचा, रेटायचं, म्हणजे विटाळ. प्रत्येक जण दुसऱ्याच्या हाताकडे पाहत होता. पाटलांची नजर आमच्या मंडळींकडे वळली. एरवी गावची असली कामं आम्हीच करत होतो. माझे काका पटका सारखा करत म्हणाले, "आमी कायले ढकलू, पाटील? आमी आज वऱ्हाडी हावो."

"बैल लावा," एक जण म्हणाला.

"ओढून नेता कुठी?" मिस्तरींनी विचारलं. "मागं पाह्य."

सगळ्यांनी पाहिलं. गावचं सगळं खिल्लार, वखरावरून सुटलेले बैल आणि चरून आलेल्या गाई-म्हशी, आमच्या वरातीमागे धुळीत दाटीनं उभं होतं. वेस एकच. वेशीत मोटार. आतून वासरांनी हंबरायला सुरुवात केली, बाहेरून गाईंनी उत्तर दिलं. बायका चरव्या घेऊन दारात आल्या. कोणी म्हणे माझी म्हैस पान्हा चोरेल, कोणी म्हणे माझी गाय व्यायला झाली आहे. गुराख्यानं मागून आवाज दिला, "बाप्पा, माह्याच्यानं आवरत नाही आता." शेवटी पाटलांची म्हातारी आईच काठी टेकत वेशीपर्यंत आली.

"तुळशीराम, वासरं बोंबलून राह्यले. तुह्यी पंचायत झाली असन तं सोड ना त्याइले."

 पाटील कोणाकडेही न पाहता म्हणाले, "गुरं खोळंबली. गाडीले वाट द्या."

मिस्तरी गाडीत बसले आणि मीही बसलो. आम्ही वेशीतून आत गेलो, पारावरून, मारुतीवरून, भर गावातून. वाजंत्री वाजत होती. वाट गुरांसाठी सोडली, आमच्यासाठी नाही, असं नंतर पाटील सांगत. सांगोत. पुढच्या वर्षी आमच्यातली दुसरी वरात साध्या बैलगाडीतून त्याच वेशीतून आली आणि कोणी आडवं उभं राहिलं नाही.

मिस्तरींचं पुढे काय झालं, तेही त्यांनीच मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांनी त्यांना ओसरीवर बोलावलं. "मी कोणता पुर्जा म्हणालो होतो, गुलाब?"

"कोणता, थे तुमी बोलले नाही, मालक."

"तुला कळत नव्हतं?"

"मले गाडीचं कळते."

बापूसाहेब येरझाऱ्या घालत राहिले. मिस्तरी म्हणाले, की त्या वेळी नोकरी गेलीच असं त्यांनी धरलं होतं. बिऱ्हाड हलवायचं तर कुठं, याचाही विचार सुरू केला होता. जिनिंगात परत जायला तोंड नव्हतं. शेवटी बापूसाहेब थांबून म्हणाले, "जा. गाडी धुऊन घे आधी."

"धूळ असन तं धुतो," मिस्तरी म्हणाले. "बाकी काही लागलं नाही तिले."

बापूसाहेब घरात निघून गेले. नोकरी राहिली. पुढे काळ पालटला, तेव्हा बापूसाहेब सभांतून सांगू लागले की मागे जायचा पुर्जा मीच काढायला लावला होता. मिस्तरी श्रोत्यांत बसून मान डोलावत. बोलणं खोटं नव्हतंच.

मी एकदा त्यांना सरळ विचारलं, "तुम्ही मुद्दाम केलंत ना हे?"

"गेअरबाक्स खोलाले सारी रात लागते, बीए," ते म्हणाले. "मुद्दाम नाही तं काय सहज खोलते कोणी?"

यापलीकडे त्या विषयावर त्यांनी मला कधी बोलू दिलं नाही. मी आभाराचं एखादं वाक्य जुळवू लागलो, की ते मडमेवर नाहीतर पैलवानावर घसरत.

मी वाशीमला मास्तर झालो. गाडी लढाईच्या वर्षांत पेट्रोलअभावी शेडातच बसली आणि मग भंगारात गेली. मिस्तरी लेकीकडे मंगरुळपीरला राहायला गेले. एका सुटीत मी आणि कौसल्या मुद्दाम त्यांना भेटायला गेलो. मनात ठरवलं होतं, आज वाक्य पुरं करायचंच. ते ओट्यावर शिलाईचं यंत्र खोलून बसले होते. डोळ्यांत फूल पडलं होतं, बोटांनी चाचपूनच काम चाललेलं. कोट तोच, गुंड्या दोनच उरलेल्या. चहा झाला. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात ते कौसल्येकडे वळले.

"सूनबाई, लय वर्साचं एक इचारू? थ्या दिवशी वेशीत तुमी काच वर करून काहून बसल्या होत्या? आत भट्टी झाली असन."

"म्या नोती केली वर," कौसल्या म्हणाली. "माह्या बाजूची काच खाली होतच नोती. दांडी गरगर फिरे अन् काच जागच्या जागी."

मिस्तरींचे हात थांबले. "केव्हापासून?"

"मले काय मालूम? म्या तं एकडावच बसली तिच्यात."

"अन् सांगितलं नाही?"

"नवी नवरी मी. कोणाले सांगू, काच बिघडली म्हून?" ती हसली. मग पदर सारखा करून म्हणाली, "पण एक सांगू मिस्तरीबावा? काच बंद, अन् इंजिनाचा आवाज. बाहेर काय बोलून राह्यले, मले एक शब्द आयकू आला नाही. एवढी माणसं वेशीत उभी. मले वाटलं, ह्या गावाची रीतच येगळी दिसते, सारं गाव नवरी पाह्याले आलं. म्या पाटलाले आतून हात जोडले. मागून समजलं सारं. पण थ्या वक्ताले मी लय खुश होती."

इतक्या वर्षांच्या संसारात हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. माझं जुळवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. मी मिस्तरींकडे पाहिलं. त्यांची मान खाली होती.

"डावी काच का उजवी?" त्यांनी विचारलं.

"डावी. मागची."

"तरी बी सांगा लागत होतं, सूनबाई," ते हळहळून म्हणाले. "एका घंट्यात करून देली असती."

आमच्या परतीच्या बसची वेळ झाली होती. आम्ही पाया पडून निघालो. गल्लीच्या वळणावर मी मागे पाहिलं. मिस्तरी ओट्यावर तसेच बसले होते, शिलाईचं यंत्र बाजूला सारलेलं. उजवा हात हवेत धरून ते एक नसलेली दांडी फिरवत होते, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि मान तिरपी करून कुठे अडतं आहे ते ऐकत होते.